आमची वाटचाल: ड्रॉइंगमध्ये मागितलं तेवढंच

आमचं वर्कशॉप छोटं. सीएनसी लेथ, एक मिलिंग मशीन, कोपऱ्यात जुना सेंटर लेथ आणि इन्स्पेक्शनची काचेची खोली. बुश, पिन, स्पेसर, व्हॉल्व्हचे बारीकसारीक पार्ट असे जॉब आम्ही करतो. या धंद्यात परफेक्शनची हौस हीच पात्रता समजली जाते, त्यामुळे तिचा त्रास होतोय हे लवकर कोणाच्या लक्षातच येत नाही. ग्राहक म्हणतात, तुमच्या जॉबला बोट ठेवायला जागा नसते. आणि पुढची ऑर्डर वेळेवर माल देणाऱ्याला देतात.

आमची सुरुवातीची वर्षं अशीच गेली. पार्ट उत्तम, डिस्पॅच उशिरा. माल तयार असूनही निघायचा नाही, कारण बाहेरच्या अंगावर टूलची रेघ दिसतेय किंवा दोन जॉबची चमक किंचित वेगळी वाटतेय. ती रेघ यंत्राच्या पोटात जाऊन बसणार होती, तिथे तिला कोणी विचारणार नव्हतं. पण मला ती दिसली होती ना!

बदल झाला तो ड्रॉइंग नीट वाचायला लागल्यावर. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा कमी-जास्त फरक, ही ढिसाळ काम करणाऱ्यांना दिलेली सवलत, आपल्याला तिची गरज नाही, अशा तोऱ्यात मी असायचो. वास्तविक डिझाइन करणाऱ्याने तिथे डोकं चालवलेलं असतं. २५ मिलिमीटरच्या भोकाला एच-७ लिहिलं, म्हणजे माप २५ च्या खाली जायचं नाही आणि वर २१ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चालेल. त्याच ड्रॉइंगच्या तळाला आयएसओ २७६८ या सर्वसाधारण टॉलरन्सच्या मानकातली 'एम' श्रेणी दिलेली असेल, तर ज्या २५ पुढे वेगळं काही लिहिलेलं नाही त्याला ०.२ मिलिमीटर कमी-जास्त चालतं. म्हणजे ४०० मायक्रॉनचा पट्टा. एकाच कागदावरच्या दोन सारख्या आकड्यांत एवढा फरक, आणि आम्ही दोघांनाही सारखंच जपत होतो. दुसऱ्यावर घालवलेल्या वेळेचे पैसे कोणी देत नव्हतं. कोटेशनमध्ये लावले की आम्ही महाग ठरायचो.

आता नवं ड्रॉइंग आलं की पहिला फोन ग्राहकाच्या डिझाइनरला. हा पार्ट कुठे बसतो, कशावर घासतो, कुठलं माप चुकलं तर मशीन बंद पडेल? बहुतेक वेळा दोन-तीन मापं निघतात. त्यांच्यावर लाल गोल. बाकीची मापं टॉलरन्समध्ये आली की पास, त्यावर चर्चा नाही.

त्याहून मोठा धडा मशीनपाशी मिळाला. मी उभा असलो की प्रत्येक जॉब मोजायचा आणि माप मध्यापासून चार मायक्रॉन हललं की ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनला दिलेल्या टूलच्या दुरुस्तीत, चार मायक्रॉन उलटे टाकायचे, असा शिरस्ता होता. आमचे जुने टर्नर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, एकदा वैतागून म्हणाले, "साहेब, तुम्ही मशीनच्या मागे लागलात की माप जास्तच नाचतं." मला ते कामचुकारपणाचं वाटलं. पण मामांचं म्हणणं गणितानेही खरं आहे. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्टने १९२४ मध्ये कंट्रोल चार्ट (मापांचे ठिपके मर्यादेच्या रेघांमध्ये दाखवणारा आलेख) मांडला तो याच प्रश्नावर: कोणता फरक प्रक्रियेचा अंगचाच आहे आणि कोणत्या फरकामागे शोधण्यासारखं कारण आहे? पुढे गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग फनेलमधून गोटी सोडून लोकांना दाखवत, की स्थिर चाललेल्या प्रक्रियेत दर वेळी चूक भरून काढायला गेलं तर पसारा वाढतो. शेवटच्या चुकीइतकी उलट दुरुस्ती प्रत्येक वेळी केली, तर व्हेरिअन्स (पसाऱ्याचा वर्ग) दुप्पट होतो, म्हणजे मापांचा पसारा साधारण ४१ टक्क्यांनी रुंद. शून्याच्या मागे धावत आम्ही स्वतःच माल बिघडवत होतो!

आता मशीनशेजारी चार्ट लटकतो. इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं पातं, झिजत जातो तसा बाहेरचा व्यास हळूहळू वाढत जातो. ही सरक चार्टवर स्पष्ट दिसते, तेव्हाच ऑफसेटला हात लावायचा. एखादा ठिपका जरा वर गेला तर त्याला जाऊ द्यायचं. हे पाहत गप्प उभं राहणं मला अजून जड जातं, म्हणून मी मशीनपाशी कमी जातो.

शेवटचा शब्दही आता माझा नाही. आधी प्रत्येक पेटी माझ्या नजरेखालून जायची आणि मी बाहेर असलो की माल अडकायचा. भोकांसाठी गो-नो गो गेज आणले. गो बाजू आत गेली पाहिजे, नो गो जाता कामा नये. गेजला माझ्या मूडशी काही देणंघेणं नसतं. इन्स्पेक्शनची जबाबदारी असलेल्या ताईंनी पास म्हटलं की पेटीला पट्टी लागते. वेबसाइट, कॅटलॉग हे प्रकारही असेच अर्धवट रूपात बाहेर पडले आणि तिथल्या फोटोंच्या उजेडाबद्दल माझ्याशिवाय कोणीच तक्रार केली नाही.

एका बाबतीत मात्र मी ऐकत नाही, ती म्हणजे बर. आडव्या भोकाच्या कडेला राहिलेला हा धातूचा काटा मापात कुठेच पकडला जात नाही, गेजही त्याला ओलांडून जातं. पण तो सुटून तेलात गेला तर व्हॉल्व्ह अडकतो, आणि नाही सुटला तर जुळणी करणाऱ्याचं बोट कापतं. नवी पोरं म्हणतात, साहेबांनी रेघा सोडल्या, बर काही सोडत नाहीत. म्हणू देत. व्हॉल्व्हचा प्रत्येक जॉब भिंगाखालून गेल्याशिवाय पेटीत पडत नाही.