घशापलीकडचा कारभार

पाण्याचा घोट जिभेवर असेपर्यंत माझा असतो. खुळखुळवायचा, थुंकायचा, तसाच धरून बसायचा की गिळायचा, हे मी ठरवतो. जिभेने त्याला मागे ढकललं आणि तो घशाच्या मागच्या भिंतीला लागला की माझा संबंध संपला. पुढच्या जेमतेम सेकंदभरात टाळूचा मागचा मऊ भाग उचलला जातो आणि नाकाची वाट बंद होते. स्वरयंत्र वर सरकतं, त्यावर झाकण येतं, स्वरतंतू मिटतात, श्वास थांबतो, अन्ननलिकेचं तोंड उघडतं. घोट खाली उतरला की श्वास पुन्हा सुरू होतो, तोही बहुतेक वेळा उच्छ्वासाने; चुकून एखादा थेंब वाटेत राहिला असेल तर तो आत ओढला जाऊ नये. यातली एकही पायरी मला अध्येमध्ये थांबवता येत नाही. बरं, मनात आलं म्हणून सुरूही करता येईल असं नाही. कोरड्या तोंडाने लागोपाठ पाच-सहा आवंढे गिळून बघा. दोन-तीन जमतात, मग घसा ऐकेनासा होतो. गिळायला काही असेल तर तिकडचा कारभार हलतो. नुसत्या माझ्या हुकमाला तिथे फारसा मान नाही.

हा कारभार चालतो मेंदूच्या देठातून. डॉक्टर त्याला ब्रेनस्टेम म्हणतात, पुस्तकं मस्तिष्कस्तंभ. मोठ्या मेंदूच्या तळाशी सुरू होऊन कवटीच्या बुडातल्या भोकाशी मज्जारज्जूला मिळणारा, अंगठ्याएवढ्या जाडीचा, सात-आठ सेंटिमीटर लांबीचा हा भाग. वर मध्यमेंदू, मधे फुगीर पॉन्स आणि खाली मेड्युला, शाळेत ज्याला आपण मस्तिष्कपुच्छ म्हणून घोकलं तो. हातापायांना जाणारे हुकूम आणि तिथून येणाऱ्या खबरी, सगळं या चिंचोळ्या वाटेने जातं. या देठाचा उल्लेख हल्ली ‘सरपटणाऱ्या प्राण्यांचा मेंदू’ असा नाक मुरडून करण्याची टूम आहे. मला ती आवडत नाही. जुना आहे म्हणून तो मागासलेला कसा ठरतो? कविता करणारा मेंदूचा भाग गेला तरी माणूस श्वास घेत राहू शकतो. हा गेला की नाही.

चेहरा, डोळे, कान, जीभ, घसा यांच्याशी देठाचा व्यवहार होतो तो कवटीतून निघणाऱ्या चेतांमार्फत, म्हणजे मज्जातंतूंमार्फत. त्यांच्या जोड्या बारा. गेलन या ग्रीक वैद्याने प्राचीन काळी सात मोजल्या होत्या; बाराचा हिशोब १७७८ साली झ्योमेरिंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने मांडला आणि तोच टिकला. वैद्यकाचे विद्यार्थी हा क्रम ज्या वात्रट ओळींच्या आधाराने पाठ करतात, त्या चारचौघांत म्हणण्यासारख्या नसतात. हिशोबातही थोडी लबाडी आहेच. पहिली गंधाची आणि दुसरी दृष्टीची, या दोन्ही देठातून निघतच नाहीत, त्या थेट पुढच्या मेंदूच्या. अकरावीची बहुतेक मुळं मानेतल्या मज्जारज्जूत. चौथी सगळ्यांत बारीक, आणि देठाच्या पाठीमागून बाहेर पडणारी ती एकटीच. वर सांगितलेल्या एका घोटासाठी पाचवी, सातवी, नववी, दहावी आणि बारावी अशा पाच जणी राबतात.

माझी आवडती दहावी, व्हेगस. बाकीच्या बहुतेकींचा संसार डोक्या-मानेपुरता. ही मात्र गळ्यातून छातीत, तिथून पोटात, मोठ्या आतड्यापर्यंत जाते. हृदयाला आवरण्याचं कामही हिचंच. स्वरयंत्राला जाणारी हिची डावी शाखा मानेतून आधी छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि मग पुन्हा वर गळ्यात येते. जिराफातसुद्धा हाच द्राविडी प्राणायाम चालतो, म्हणजे काही मीटरची फेरी. हिची एक बारकी फांदी कानाच्या नळीतही पोचलेली असते. म्हणून कान कोरताना काही जणांना उगाचच खोकला येतो. कानात काय घडलं ते देठाला कळलं, पण त्याने ते घशाच्या खात्यावर मांडलं!

आठवीचंही एक कौतुक सांगतो. हातातला मोबाइल स्थिर धरून ही ओळ वाचता वाचता मान भराभर डावी-उजवीकडे हलवा. अक्षरं वाचता येतात. आता मान स्थिर ठेवून मोबाइल तितक्याच वेगाने हलवा. सगळा गिचमिड काला. पहिल्या खेपेला आतल्या कानाने मान वळल्याची वर्दी आठवीतून देठाला दिली आणि देठाने तिसरी व सहावीमार्फत डोळे तितकेच उलट वळवले. अवघ्या तीन चेतापेशींची साखळी, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपासचा वेळ. दुसऱ्या खेपेला डोळ्यांना नुसतं बघून पाठलाग करावा लागतो, आणि त्यात ते बरेच मागे पडतात.

श्वासाचं प्रकरण मात्र जरा वेगळं आहे, कारण त्यावर दोघांचाही हक्क. गाताना, बोलताना, पोहताना मी तो माझ्या सोयीने वापरतो. एरवी मिनिटाला बारा ते अठरा असा देठ तो चालवतो. १८११-१२च्या सुमाराला सेझार लगाल्वा या फ्रेंच वैद्याने सशांवर प्रयोग करून दाखवलं की मेंदूचे वरचे भाग काढले तरी श्वास चालतो, पण मेड्युलात व्हेगसच्या मुळांपाशी छेद दिला की थांबतो. श्वास रोखून धरला की थोड्या वेळाने जी तगमग होते, तीही इथलीच. गंमत अशी की ती प्रामुख्याने ऑक्सिजन संपल्याची नसते. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, मेड्युलातल्या पेशींना तो जाणवतो, आणि मग माझ्या निश्चयाचं काही चालत नाही. याच्या उलटही घडतं. फार दुर्मीळ अशा एका जन्मजात विकारात जागेपणी श्वास बरा असतो आणि झोप लागली की उथळ होत जातो. अशा मुलांना रोज रात्री यंत्राने श्वास द्यावा लागतो. त्यामागचा जनुक २००३ मध्ये सापडला. झोपेत श्वास घ्यायचं विसरत नाही, हे आपण किती गृहीत धरलेलं असतं!

देठाचं हे महत्त्व वैद्यकाने मृत्यूच्या व्याख्येतही मान्य केलं आहे. १९७६ साली ब्रिटनमधल्या वैद्यक संस्थांच्या परिषदेने मेंदूमृत्यूची कसोटी देठावरच बेतली. अशा वेळी डॉक्टर डोळ्यांत बॅटरी मारून बाहुल्या आकसतात का बघतात. बुबुळाला कापसाचा धागा लावून पापणी मिटते का, कानात बर्फाचं पाणी सोडून डोळे वळतात का, श्वासनलिकेत नळी सरकवून खोकला येतो का, हेही तपासतात. शेवटी ऑक्सिजन चालू ठेवून श्वासाचं यंत्र काढतात आणि कार्बन डायऑक्साइड चढू देतात, तेवढ्याने तरी श्वास सुरू होतो का ते बघायला. हे सगळे सवाल एकट्या देठाला असतात. त्याने एकालाही जबाब दिला नाही, तरी रुग्णाची बोटं किंवा पाय कधी कधी हलतात. ती हालचाल मज्जारज्जूची, मेंदूचा तिच्याशी संबंध नसतो. पलंगाशेजारी उभ्या असलेल्या नातेवाइकांना ते पटवून देणं हे त्या सगळ्या तपासण्यांपेक्षा अवघड काम आहे.