भेदभाव मोजायचा कसा?

नोकरी देताना भेदभाव करता का, असं मालकाला विचारलं तर तो नाहीच म्हणणार. त्यामुळे सर्वेक्षणावर विसंबून हा विषय अभ्यासता येत नाही. त्यासाठी ऑडिट स्टडी करतात. पात्रता सारखीच असलेले दोन उमेदवार एकाच जागेसाठी पाठवायचे, फरक एकाच गोष्टीचा ठेवायचा आणि कोणाला बोलावणं येतं ते पाहायचं. ब्रिटनमध्ये १९६७ सालीच अशा चाचण्या झाल्या होत्या आणि पुढच्या वर्षीच्या वंशसंबंध कायद्यामागे त्यांचा मोठा वाटा होता.

या पद्धतीचा खूप गाजलेला वापर केला तो अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी. मिलवॉकी शहरात त्यांनी दोन गोऱ्या तरुणांची एक जोडी आणि दोन कृष्णवर्णीयांची एक जोडी नेमली. चौघेही कॉलेजचे विद्यार्थी. शालेय शिक्षणाहून जास्त काही न मागणाऱ्या एकूण ३५० ठिकाणी त्यांनी अर्ज केले. जोडीतला एक जण अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आल्याचं सांगायचा, दुसऱ्याची पाटी कोरी. २००३ मध्ये निकाल छापून आले. गुन्हा नसलेल्या गोऱ्याला ३४ टक्के ठिकाणांहून बोलावणं आलं, गुन्हा असलेल्या गोऱ्याला १७ टक्के. गुन्हा नसलेल्या कृष्णवर्णीयाला १४ आणि गुन्हा असलेल्याला ५ टक्के. म्हणजे तुरुंगात जाऊन आलेला गोरा स्वच्छ पाटीच्या कृष्णवर्णीयाच्या पुढेच राहिला.

या आकड्यांमागची मांडणी नीट पाहण्यासारखी आहे. गुन्ह्याची भूमिका जोडीतल्या जोडीत आलटून पालटून दिली जायची, नाहीतर एखाद्याचं गोड बोलणं किंवा रुबाब निकालात मिसळला असता. पण दोन्ही जोड्या एकाच मालकाकडे गेल्या नव्हत्या. गुन्ह्याची तुलना एकाच मालकाच्या दारात झाली, वंशाची मात्र वेगवेगळ्या मालकांमध्ये. त्यामुळे पहिला निष्कर्ष जास्त घट्ट आहे. हे आकडे देणारे बहुतेक जण हा फरक सांगत नाहीत. पुढे त्याच मालकांना फोनवर विचारलं गेलं, की असा गुन्हा असलेल्याला कामावर घ्याल का? होकार देणारे आणि नकार देणारे, दोघांचंही प्रत्यक्ष वागणं जवळपास सारखंच निघालं.

माणसं पाठवणं खर्चिक, म्हणून हल्ली बहुतेक जण नुसते बायोडेटा पाठवतात. थोरात आणि अ‍ॅटवेल या संशोधकांनी भारतात २००५ पासून ६६ आठवडे वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. सारख्या पात्रतेच्या अर्जांत फरक फक्त नावाचा. उच्चजातीय हिंदू नावाला १ धरलं तर बोलावणं येण्याचं गुणोत्तर दलित नावासाठी ०.६७ आणि मुस्लिम नावासाठी ०.३३ निघालं. हे ऑड्सचं, म्हणजे बोलावणं येणं आणि न येणं यांच्या प्रमाणाचं, गुणोत्तर आहे, थेट टक्केवारी नव्हे. बातम्यांत दोन्हींची सर्रास गल्लत होते.

स्थलांतरितांबाबत कॅनडातला अर्थतज्ज्ञ ओरिओपोलोस यांचा अभ्यास डोळे उघडणारा आहे. भारतीय, पाकिस्तानी, चिनी नावांना इंग्रजी नावांपेक्षा कमी बोलावणी आली. भरती करणारे भाषेच्या अडचणीचं कारण द्यायचे. पण बायोडेटावर भाषेवरचं प्रभुत्व किंवा नामांकित विद्यापीठ लिहूनही नावामुळे पडणारं अंतर काही कमी झालं नाही.

असा प्रयोग आखताना पहिला घोळ नावाचा होतो. नावातून वंश कळतो, तसा आर्थिक स्तरही कळतो. म्हणून नावं आधी वेगळ्या लोकांना दाखवून त्यांना नेमकं काय वाटतं ते तपासावं लागतं. बायोडेटाचे साचे आणि अर्ज पाठवण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा बदलत ठेवायचा, नाहीतर चांगल्या साच्याचं श्रेय नावाला जातं. दुसरी अडचण नमुन्याच्या आकाराची. एका गटाला १० टक्के आणि दुसऱ्याला ७ टक्के बोलावणी येत असतील, तर हा फरक ८० टक्के खात्रीनं पकडायला प्रत्येक गटात सुमारे १,३५० अर्ज लागतात. दोनशे अर्जांत 'भेदभाव आढळला नाही' म्हणणं म्हणजे निव्वळ आकड्यांची कमतरता. आणि दोन्ही अर्ज एकाच मालकाकडे गेले असतील तर ते स्वतंत्र धरायचे नाहीत. गणितात जोडीचा हिशेब ठेवावा लागतो. बोलावणं आलं की लगेच नम्रपणे नकार कळवायचा. मालकाची संमती घेतलेली नसते, तेव्हा त्याचा वेळ निदान कमीत कमी घ्यावा.

हाती आलेल्या अंतरातून कारण मात्र कळत नाही. मालकाच्या मनात आकस आहे की तो गटावरून अंदाज बांधतोय, हे या प्रयोगाला उमगत नाही, आणि धोरणासाठी तेच महत्त्वाचं असतं. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये अर्जातला गुन्ह्याविषयीचा रकाना कायद्यानं काढून टाकला गेला. अगान आणि स्टार या संशोधकांनी आधी-नंतर मिळून सुमारे १५,००० अर्ज पाठवले. रकाना विचारणाऱ्या कंपन्यांत गोऱ्यांना कृष्णवर्णीयांपेक्षा ७ टक्के जास्त बोलावणी येत होती; रकाना गेल्यावर हे अंतर ४३ टक्क्यांवर गेलं. माहिती झाकली तेव्हा मालकांनी ती बहुधा वंशावरून ताडली.

शिवाय हे सगळं जाहिरात निघालेल्या नोकऱ्यांपुरतंच. ओळखीतून भरल्या जाणाऱ्या जागा, पगारातली तफावत, अडकलेली बढती यांपर्यंत बायोडेटा पोचतच नाही. त्यासाठी पगारपत्रकं आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी उपसाव्या लागतात.