ऑनलाइन सेफ्टी ॲक्ट आणि मंडळाचा चर्चामंच: आम्ही कागदपत्रं कशी पुरी केली

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या मराठी माणसांसाठी आम्ही काही स्वयंसेवक एक चर्चामंच चालवतो. भाड्याची खोली, व्हिसा, मुलांची शाळा असे विषय. लोक जिथे मजकूर टाकतात अशा वेबसाइटवरच्या बेकायदा आणि मुलांना घातक मजकुराची जबाबदारी ती चालवणाऱ्यावर टाकणारा ब्रिटनचा 2023 चा ऑनलाइन सेफ्टी ॲक्ट अशा मंचालाही लागू होतो. सर्व्हर भारतात असला तरी ब्रिटनमधले वापरकर्ते लक्षणीय संख्येने असतील तर सुटका नाही. कमाल दंड 1 कोटी 80 लाख पौंड किंवा जागतिक उलाढालीच्या 10 टक्के, यातली मोठी रक्कम. या आकड्याच्या धास्तीने लंडनच्या सायकलवाल्यांच्या एका जुन्या मंचाने डिसेंबर 2024 मध्येच बंद करण्याची घोषणा केली होती. ती भीती आम्हाला समजते. पण छोट्या मंचाला खरा धोका लेखी नोंदी नसण्यात आहे, असं आमचं मत झालं.

आधी जबाबदार कोण ते ठरवा. डोमेन आणि ॲडमिनचे अधिकार एकाच माणसाकडे असतील आणि मागे संस्था नसेल, तर कायद्याच्या नजरेत तोच सेवा पुरवणारा. त्यामुळे ताबा मंडळाकडे असल्याचं लेखी हवं. नुसता फेसबुक किंवा व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर हे ओझं त्या कंपनीवर, ग्रुप ॲडमिनवर नाही.

मग बेकायदा मजकुराचं जोखीम मूल्यांकन. याची मुदत 16 मार्च 2025 होती. आज नवा मंच काढणाऱ्यालाही ते चुकत नाही. ऑफकॉमने, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या ब्रिटनच्या नियामक संस्थेने, बेकायदा मजकुराचे 17 प्रकार दिले आहेत: दहशतवादापासून प्राण्यांच्या छळापर्यंत. प्रत्येकासमोर जोखीम नगण्य, कमी, मध्यम की जास्त, आणि त्याचा पुरावा. ‘आमचे लोक सज्जन आहेत’ हा पुरावा नव्हे. जुन्या तक्रारी, काढलेल्या पोस्ट, बंद केलेली खाती यांची नोंद हा पुरावा. आमच्यासारख्या मंचावर दोन रकाने खरोखर जड असतात: फसवणूक आणि बेकायदा स्थलांतर. खोली न दाखवता डिपॉझिट मागणारी जाहिरात, किंवा ‘पैसे भरा, व्हिसासाठी स्पॉन्सरशिप मिळवून देतो’ म्हणणारा एजंट. असे मेसेज बहुधा रोमन लिपीतल्या मराठीत येतात, इंग्रजी शब्दांच्या फिल्टरला ते सापडत नाहीत. मराठी वाचणारा मॉडरेटरच लागतो, आणि तसं मूल्यांकनात लिहावं.

सर्वांत मोठा फरक पडतो तो सोयी कमी केल्याने. खासगी मेसेज आणि फोटो अपलोड या दोन्हींमुळे जोखीम वाढते. खासगी मेसेज आम्ही बंदच केले. नव्या सभासदाच्या पहिल्या पोस्टमधली लिंक मंजुरीशिवाय दिसत नाही.

बाकी कामं तुलनेने सोपी: जबाबदार व्यक्तीचं नाव ठरवणं, प्रत्येक पोस्टखाली तक्रारीचं बटण, साध्या भाषेत नियम, आणि ज्याची पोस्ट काढली त्याला दाद मागायची सोय. शेवटची गोष्ट बरेच जण विसरतात. मुलांच्या लैंगिक शोषणाचं चित्र कधी आढळलंच, तर ‘पुरावा’ म्हणून डाउनलोड करू नका, कुणाला पाठवू नका. जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. पोस्ट लपवून पोलिसांना किंवा अशी चित्रं इंटरनेटवरून हटवण्याचं काम करणाऱ्या इंटरनेट वॉच फाउंडेशन या ब्रिटिश संस्थेला ताबडतोब कळवा.

मुलं मंचावर येण्याची शक्यता वेगळी तपासावी लागते. ‘मी 18 वर्षांचा आहे’ ही खूण वयाचा पुरावा मानत नाहीत. वयाची भक्कम पडताळणी नसेल, तर मुलं येऊ शकतात असंच धरून पुढचा प्रश्न: त्यांना ओढ वाटेल असं इथे काय आहे? मराठी शाळेतल्या मुलांचा विभाग आम्ही याच कारणासाठी बंद केला. वाईट वाटलं, पण तो ठेवला असता तर मुलांसाठीचं स्वतंत्र जोखीम मूल्यांकन आणि त्यापुढची बंधनं आली असती, ती पेलायला माणसं नाहीत.

मूल्यांकनं वर्षातून एकदा तपासायची, आणि नवी सोय सुरू करण्याआधीही. ऑफकॉमचं पत्र आलं तर मुदतीत उत्तर द्याच. ऑक्टोबर 2025 मध्ये फोरचॅन या निनावी पोस्ट चालणाऱ्या अमेरिकी चर्चामंचाला 20,000 पौंडांचा दंड झाला, तो माहितीच्या मागणीला उत्तर न दिल्याबद्दल. म्हणून संपर्काचा ईमेल किमान दोघांकडे जाईल असा ठेवा. एक जण सुट्टीत भारतात असला तरी दुसऱ्याला दिसेल.