मंडई ते शनिवारवाडा, आईच्या व्हीलचेअरसोबत

आईचं माहेर शुक्रवार पेठेतलं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून चार वर्षं तिनं मंडईत पाऊल टाकलं नव्हतं. गाडीतून चक्कर मारून आणतो म्हटलं, तर म्हणाली, "काचेतून बघायला ते काय प्राणीसंग्रहालय आहे? मला मेथी घ्यायचीय."

सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी टप्पा सुरू झाला आणि पेठांतली निम्मी अडचण संपली. लिफ्टनं वर आलं की समोर मंडई. उरलेली निम्मी अडचण फुटपाथ नावाची आहे.

माझ्यासारखंच कुणाला घेऊन येणार असाल तर मंडई स्थानकावर उतरा आणि परतीला कसबा पेठेत चढा. उलटं करू नका. नदी उत्तरेला असल्यामुळे रस्ता तिकडे हलका उतरत जातो. डोळ्यांना ते कळत नाही, ढकलणाऱ्याच्या दंडांना मात्र लगेच कळतं. आणि सकाळी लवकर या. आम्ही रविवारी साडेसातला पोचलो. दहानंतर हा रस्ता आपला राहत नाही.

मंडईची इमारत १८८६ ची, पूर्वीचं रे मार्केट. नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता, आणि आता नाव त्यांचंच. आतले गाळेवाले उंच ओट्यावर बसतात. खुर्चीतून आईला मान वर करूनच घासाघीस करावी लागली, पण त्यानं तिचा आवाज काही खाली आला नाही. "आजी, लई दिवसांनी?" म्हणत एका मावशींनी जुडी तिच्या मांडीवरच ठेवली. आत जमीन ओली असते, पाल्यावरून चाकं घसरतात. ब्रेक लावल्याशिवाय हात सोडू नका.

तिथून शिवाजी रस्त्यानं सरळ उत्तरेला. आधी मी शहाण्यासारखा फुटपाथवर चढलो. पन्नास पावलांत तीन गोष्टी झाल्या. दुचाक्या अडवायला रोवलेल्या खांबांतून खुर्ची जाईना. मागे घेतली तर पुढचं छोटं चाक चेंबरच्या जाळीत अडकलं. आणि फुटपाथ संपला तिथे वीतभर उंच कड, उतार नाहीच. एकास बारा या प्रमाणात १५ सेंटीमीटरच्या पायरीला १८० सेंटीमीटर लांबीचा उतार लागतो. काही ठिकाणी सिमेंटचा एक थापा मारून त्यालाच रॅम्प म्हटलंय. शेवटी रस्त्याच्या कडेनंच गेलो. वाहतूक एकेरी असल्यानं गाड्या समोरून येतात, म्हणून तिसरं माणूस पुढे चालू द्या. खुर्ची उतरवायची वेळ आलीच तर पाठमोरी उतरवा, मोठी चाकं आधी.

बेलबाग चौक ओलांडला की दगडूशेठ. मूर्ती रस्त्यावरूनच दिसते, त्यामुळे पायऱ्यांचा प्रश्न येत नाही. समोर भिडे वाड्याची जागा. १८४८ मध्ये मुलींची शाळा इथे भरली. जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला. आई तिथे बराच वेळ थांबली, मी घाई केली नाही.

लाल महाल बाहेरूनच पाहिला. आत्ताची वास्तू १९८० च्या दशकातली आहे, फार हळहळू नका. कसबा गणपतीची गल्ली अरुंद, तीही टाळली. विश्रामबागवाडा बाजीराव रस्त्यावर आहे, तो या फेरीत बसतच नाही.

शनिवारवाड्यासमोरचं पटांगण म्हणजे दिवसभरातली पहिली निवांत जागा. सपाट, मोकळं, बाजीरावांच्या पुतळ्याभोवती खुर्ची गोल फिरवता येईल इतकं. दिल्ली दरवाजाचे हत्तींसाठीचे खिळे बसल्या जागेवरून उभ्यापेक्षा जास्त भीतिदायक वाटतात, असं आईचं म्हणणं. नगारखान्याला जिना आहे, तो सोडून द्या. आत तशीही जोतीच उरली आहेत, बाकीचं १८२८ च्या आगीत गेलं.

जेमतेम किलोमीटरभर अंतर, आम्हाला दोन तास लागले. निघण्याआधी खुर्चीची रुंदी मोजून ठेवा, हवेची चाकं असतील तर पंपही घ्या. स्वच्छतागृहाचं काम घरूनच उरकून निघालेलं बरं. गणपतीत येऊ नका. लक्ष्मी रस्ताही फिरायचा असेल तर ११ डिसेंबर धरा. पादचारी दिनाला त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवतात, आणि दुकानं उघडी असतात. आईनं ती तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवलीय, खाली ‘तुळशीबाग’ असंही.