तुम्ही विचारलंत म्हणून: देश समजायला गोष्टी कशाला?

वाचनाचा विषय निघाला की कोणीतरी विचारतंच, देश म्हणजे काय हे कळायला इतिहास आहे, संविधान आहे, मग कथा-कादंबऱ्या कशाला? परवा तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितोय.

मी नाशिकचा, तर इथूनच सुरू करतो. २ मार्च १९३० ला दलितांना देवळात जाता यावं म्हणून काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि नंतर दहाच दिवसांनी गांधीजी दांडीला निघाले. एक लढा इंग्रजांशी, दुसरा आपल्याच माणसांशी, देवळाच्या दारात. त्याच वर्षी जुलैत इथल्या विहितगावात दलित कथाकार बाबुराव बागूल जन्मले. त्यांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा वाचा, त्याच नावाचा संग्रह १९६३ चा, म्हणजे देश स्वतंत्र होऊन सोळा वर्षं झालेली. रेल्वेत नोकरी लागलेला पोरगा परगावी खोली शोधतो, जात विचारली तर 'मी मुंबईकर' म्हणतो, छाती काढून नव्या भारताचं बोलतो, खोली मिळते, आणि जात कळल्यावर बेदम मार खातो.

संविधानाच्या १५व्या कलमात दुकानं आहेत, विहिरी आहेत, रस्ते आहेत, स्नानाचे घाटसुद्धा आहेत, म्हणजे आपलं रामकुंड आलंच. भाड्याची खोली नाही. तिथे, त्या उंबऱ्यावर काय होतं ते मला बागुलांनी दाखवलं, कुठल्या इतिहासाच्या पुस्तकाने नाही.

अमिताव घोषांच्या 'द शॅडो लाइन्स' कादंबरीतली आजी ढाक्याची, फाळणीच्या आधीपासून कलकत्त्यात राहिलेली, ती विमानाने ढाक्याला जायच्या आधी विचारते की वरून बॉर्डर दिसेल का. दिसणार नाही म्हटल्यावर ती खरंच गोंधळते, मग एवढी माणसं मेली ती कशासाठी? मला वाटतं ती रेष वरून दिसत नाही पण खोली मागायला गेलं की लगेच दिसते.

सातपूर-अंबडच्या कंपन्यांत कामाला आलेली पोरं आमच्याकडे खोल्या शोधत फिरतात. मागच्या महिन्यात आमच्या बिल्डिंगमधे एक बिहारचा मुलगा बॅग घेऊन आला, मालकांनी पहिलं आडनाव विचारलं, मग गाव, मग म्हणाले खोली दिली गेली. मी जिन्यातच उभा होतो आणि गप्प बसलो, त्याचं फार वाईट वाटतंय. खोली अजून रिकामीच आहे. रविवारी मालकांकडे बोलायला जाणारे.