काळी दाढी

माशांच्या टाकीत शेवाळ दिसलं की लोक आधी दुकानात जाऊन औषधाची बाटली आणतात. माझा आग्रह एवढाच, की आधी ते शेवाळ चिमटीत धरून बघा. नव्या टाकीच्या काचेवर तपकिरी थर बसलाय आणि बोट फिरवताच निघतोय? ते डायटम्स, म्हणजे एकपेशीय सूक्ष्म शेवाळ. टाकी रुळली की बहुतेक वेळा आपोआप कमी होतात. काचेवरचे कडक हिरवे ठिपके ब्लेडने खरवडायचे. वाळूवर निळसर-हिरवा बुळबुळीत थर असेल, अख्खा पापुद्रा सुटून येत असेल आणि त्याला कुबट वास असेल, तर ते शेवाळच नव्हे, सायनोबॅक्टेरिया, म्हणजे एक प्रकारचे जिवाणू आहेत. त्यांचा उपाय वेगळा.

खरं चिवट ते ब्लॅक बिअर्ड अल्गी, म्हणजे काळ्या दाढीसारखं शेवाळ, आपल्या मंडळींच्या भाषेत बीबीए. अनुबियास या पाणवनस्पतीच्या पानांच्या कडा, ड्रिफ्टवूड (सजावटीचं लाकूड), फिल्टरचा पाइप अशा ठिकाणी काळपट करडे झुबके धरतात. ओढलं तर पान फाटतं, पण झुबका सुटत नाही.

खात्री करायची असेल तर एक झुबका कापून वाटीभर सर्जिकल स्पिरिटमध्ये टाका (टाकीबाहेर, हे सांगायला नको). मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे तेव्हा पानातलं हरितद्रव्य अल्कोहोलमध्ये उतरवण्याचा प्रयोग दरवर्षी मुलांसमोर व्हायचा. इथेही तेच घडतं. हिरवं द्रव्य स्पिरिटमध्ये उतरतं आणि मागे लालसर झुबका राहतो, कारण बीबीए हे लाल शेवाळांच्या कुळातलं आहे. फायकोएरिथ्रिन नावाचं त्याचं लाल द्रव्य स्पिरिटमध्ये विरघळत नाही. मला हा रंग बघायला आजही फार आवडतं.

आता काढायचं कसं. केमिस्टकडे मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड बऱ्याचदा ६ टक्क्यांचं असतं. बाटली वाचा, आणि तसं असेल तर तेवढंच पाणी घालून ३ टक्क्यांचं करा. लाकूड किंवा दगड बाहेर काढता येत असेल तर ते सर्वात सोपं: ब्रशने पेरॉक्साइड लावायचं, काही मिनिटं थांबायचं, स्वच्छ पाण्याने धुऊन परत ठेवायचं. टाकीतच करायचं असेल तर फिल्टर बंद करून सिरिंजने थेट झुबक्यावर हळूहळू सोडा. १० लिटर पाण्याला ३ टक्क्यांचं २ ते ३ मिली, एका दिवसात त्याहून जास्त नको. पाच-दहा मिनिटांनी फिल्टर चालू करा आणि माशांवर लक्ष ठेवा. ते वर येऊन हवा घ्यायला लागले तर लगेच थोडं पाणी बदला. जावा मॉस या टाकीत लावायच्या नाजूक वनस्पतीवर मात्र सोडू नका, तो करपतो. एक-दोन दिवसांत झुबके गुलाबी पडतात, मग पांढरे. ते मेले म्हणून समजा.

पण कारण तसंच राहिलं तर हे परत येणारच. उरलेलं खाणं, कुजणारी पानं, फिल्टरचा तुंबलेला स्पंज, आणि झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर त्याचं रोज कमीजास्त होणं, या गोष्टी बघा. स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. दिवा टायमरवर सहा-सात तासच ठेवा.

शेवाळ खाणारा मासा म्हणून दुकानदार हमखास सकर देतात. तो बीबीए खात नाही, फूटभराहून मोठा होतो आणि मग लोक त्याला तलावात सोडून देतात, ज्याने तिथल्या देशी माशांचं नुकसान होतं. कृपा करून घेऊ नका. बीबीए खातो तो सयामी अल्गी ईटर. त्याच्या अंगावरच्या काळ्या पट्ट्याची कड दातेरी असते, पट्टा शेपटीच्या टोकापर्यंत जातो आणि पर पारदर्शक असतात. पट्ट्यावर सोनेरी रेघ आणि रंगीत पर दिसले तर तो फ्लाइंग फॉक्स. सयामीही पाच-सहा इंच वाढतो, म्हणून दोन फुटी टाकीत त्याला घालू नका. तिथे सिरिंजच बरी.