१६ च्या खुणेवरचा कॅथेटर

तिसऱ्या दिवशी सिस्टरचा फोन आला. आजींच्या जांघेतला कॅथेटर, म्हणजे दुखणं थांबवायचं औषध सोडणारी बारीक नळी, निघत नव्हता. "दोनदा ओढला सर, ताणतो अन् परत आत जातो." तिला म्हटलं, आता हात लावू नका. ताणून तुटला तर तुकडा आतच राहतो.

रोवणीत धुऱ्यावरून घसरून आजींचा खुबा मोडला होता. ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून फिमोरल नर्व्हजवळ (मांडीच्या पुढच्या भागाची मोठी नस) २० गेजचा कॅथेटर ठेवला होता. त्यातून ०.१२५ टक्के ब्युपिव्हॅकेन हे बधिर करणारं औषध ताशी ५ मिली चालू होतं. औषधानं काम चोख केलं होतं.

कॅथेटर दुसऱ्या भूलतज्ज्ञाने टाकलेला. फाइलमध्ये नर्व्ह किती खोल लागली ते नाही, कातडीपाशी नळीवरची कितव्या सेंटिमीटरची खूण होती तेही नाही. पट्टी सोडवून पाहिलं तर १६. आजी हाडकुळ्या, नर्व्ह फार तर ३ सेंटिमीटरवर. म्हणजे सुईच्या टोकापुढे १३ सेंटिमीटर नळी सरकवलेली! ३ ते ५ पुरते. लांब सारली की ती कमरेकडे चढते आणि जास्त भाग बधिर होतो, ही जुनी समजूत अजून जात नाही. नळी क्वचितच तशी चढते. जागच्या जागी वेढा घेते, आणि ओढलं की त्याच वेढ्याची गाठ बसते.

औषध बंद करून बधिरपणा उतरायची वाट पाहिली. सहा तास गेले. घाई करून चालत नाही, कारण नर्व्ह गाठीत सापडली असेल तर बधिर पायाला ते कळणारच नाही. मग टाकताना होता तसा पाय सरळ, किंचित बाहेर वळवून ठेवला, सलाइन हळू सोडलं. ते जेमतेम गेलं. दोन बोटांनी अगदी हलकेच ओढलं तर आजी कळवळल्या, "गुडघ्यापर्यंत करंट गेला जी!" तिथेच सोडलं.

डाय घालून काढलेल्या एक्स-रेत वेढा दिसला. सर्जननी फक्त कातडी बधिर करून छोटा छेद घेतला. गाठ नर्व्हला लागूनच होती. कॅथेटरचं टोक शाबूत आहे याची खात्री करूनच टाके घातले.

आजी वॉकरवर चालतात. पण गुडघ्याखाली आतल्या बाजूला तळहाताएवढा भाग अजून बधिर आहे. गाठीनं झाला, त्या दोन ओढींनी, की माझ्या एका ओढीनं? फाइलमध्ये खुणेचा आकडा असता तर सिस्टरनं ओढण्याआधीच मला विचारलं असतं.